यंत्र बदलले, पुस्तिकेचे काय?

शेताची वाटणी झाली, नवा बांध पडला, पण तलाठ्याकडे फेरफार नोंदला गेला नाही, तर काय होते हे तुम्हांला सांगायला नको. जमिनीवर एक आणि सातबाऱ्यावर दुसरेच! असाच घोटाळा संगणकाच्या जगातही होतो. तिथे सातबाऱ्याच्या जागी असते माहितीपुस्तिका.

एक उदाहरण घेऊ. 'ग्नू ईमॅक्स' नावाचा एक मजकूर-संपादक आहे. म्हणजे संगणकावर मजकूर लिहिण्याचे, खोडण्याचे, जुळवण्याचे साधन. रिचर्ड स्टॉलमन यांनी ते १९८५ साली अमेरिकेत लोकांपुढे ठेवले. कोणालाही ते वापरता येते, त्यात दुरुस्तीही करता येते. त्यातून देवनागरी लिहिता येते. अक्षर मोठे हवे, रंग वेगळा हवा, तर हे साधन आपल्या सोयीचे करून घेण्यासाठी १९९७ च्या विसाव्या आवृत्तीत 'कस्टमाइज' नावाची सोय आली.

पुढे २००१ साली एकविसावी आवृत्ती निघाली. तीत मेनूची, म्हणजे पडद्याच्या माथ्यावरच्या निवडीच्या यादीची, मांडणीच बदलली. 'ऑप्शन्स' हा स्वतंत्र कप्पा झाला आणि 'कस्टमाइज' त्याच्या पोटात गेले. काम तेच, पण दार हलले!

आता जुनी पुस्तिका घेऊन बसलेल्या नवशिक्याचा विचार करा. पुस्तिका सांगते, 'इथे दाबा'. तिथे तर ते नावच नाही. जाणता माणूस इकडेतिकडे शोधून काढील. नवशिका पुस्तिकेला दोष देत नाही. 'हे आपल्याला जमायचे नाही' असे म्हणून तो उठतो. छापील शब्दावर त्याचा विश्वास असतो ना! शिक्षकबंधुभगिनींनो, असे विद्यार्थी तुमच्याही पाहण्यात असतील.

मग पुस्तिका सुधारायची कशी? एक शब्द खोडून दुसरा लिहिला की झाले, असे नाही. मेनूचे नाव एका प्रकरणात असते, सूचीत असते, 'अमुक भाग पाहा' अशा निर्देशांतही असते. ते सगळे शोधावे लागते. ईमॅक्सची पुस्तिका 'टेक्सइन्फो' या पद्धतीने लिहितात. त्या एकाच मूळ मजकुरातून छापील पुस्तकही निघते आणि पडद्यावरची प्रतही. दुरुस्ती एकदा केली की दोन्हींकडे पोचते.

पण दुरुस्ती राहून गेली तर? त्यावर या मंडळींनी एक साधी युक्ती योजली आहे. नव्या आवृत्तीतले बदल ते एका यादीत नोंदवतात. पुस्तिकेतही तो बदल लिहून झाला, की नोंदीच्या माथ्यावर तीन अधिकची चिन्हे. पुस्तिकेत लिहिण्याची गरजच नसेल, तर तीन उण्याची. ज्या नोंदीवर काहीच नाही, तिचे काम बाकी! शाळेच्या हजेरीपटासारखाच हा हिशेब.

तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पुस्तिका उघडली, की ती कोणत्या आवृत्तीची आहे ते आधी पाहा, आणि आपले साधन कोणत्या आवृत्तीचे तेही पाहा. आणि तुम्ही स्वतः कोणासाठी सूचना लिहिल्यात, तर ज्याला त्यातले काही ठाऊक नाही अशा माणसाच्या हाती त्या द्या आणि जवळ नुसते बसा. तो जिथे अडेल, तिथे त्याला समजावू नका. ते वाक्य दुरुस्त करा.