'डी'ची पुडी घेतली की सर्दी-ताप येत नाही का?



मागच्या बैठकीत बचत गोळा झाली आणि एका ताईंनी पिशवीतून औषधाची पुडी काढली. "मॅडम, रोज एक घेतली की फ्लू, कोरोना जवळ येत नाही म्हणे. गटातून सगळ्यांसाठी आणायची का?"

पुडीवर लिहिलं होतं, ड जीवनसत्त्व ६०,००० युनिट. आपल्याला दिवसाला लागतं साधारण ६०० युनिट. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचं आलं! कमतरता असेल तर डॉक्टर अशी पुडी बहुधा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच देतात. जास्तीचं 'ड' अंगात साठतं. मग रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या होतात, सारखी तहान लागते, किडनीला त्रास होतो.

मग सर्दी-ताप थांबतो का? २०१७ मध्ये २५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा थोडा फायदा दिसला. तोही रोज किंवा दर आठवड्याला घेणाऱ्यांना आणि 'ड' फारच कमी असलेल्यांना जास्त. एकदम मोठा डोस घेणाऱ्यांना नाही. २०२२ मध्ये ब्रिटन आणि नॉर्वेतल्या मोठ्या अभ्यासांत कोरोना टळला नाही. २०२५ मध्ये ४६ अभ्यास तपासले, तेव्हाही ठोस फायदा दिसला नाही.

म्हणून 'ड' नकोच असं नाही. हाडांना ते लागतंच. तुम्ही म्हणाल, आम्ही तर दिवसभर उन्हात खुरपतो. खरंय, पण फुल शर्ट, स्कार्फ, डोक्यावर पदर! कातडीला ऊन लागतच नाही. दुपारच्या सुट्टीत थोडा वेळ बाह्या वर करून बसा. हाडं, कंबर सारखी दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपल्या नगर तालुक्यातलं हिवरे बाजार मे महिन्यात कोरोनामुक्त झालं. ते पुडीने नाही. घरोघरी चौकशी, लक्षण दिसलं की चाचणी, रुग्ण वेगळा, तोंडाला मास्क, यातून झालं. आपणही तेच करू. खोकला असेल तर तोंड झाका, हात साबणाने धुवा, चुलीचा धूर घराबाहेर जाऊ द्या. ताप तीन दिवसांत उतरला नाही, किंवा धाप लागली तर लगेच दवाखाना गाठा. धाप लागली असेल तर तीन दिवस थांबूच नका.

त्या ताईंनी चार दिवसांत चार पुड्या घेतल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टरांनी पुड्या बंद केल्या. गटानेही ठराव घेतला: गटाच्या पैशातून डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध आणायचं नाही.

तुमच्या गटात हा विषय पुढच्या बैठकीत घ्याल ना?

तुमची क्षेत्र समन्वयक