अनुदानाचा पैसा आणि कंत्राटदाराची पात्रता

सार्वजनिक पैशातून होणाऱ्या कामाची तपासणी काम सुरू झाल्यावर किंवा देयक सादर झाल्यावर करावयाची असते, असा एक सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः पहिली तपासणी त्याआधीची, म्हणजे कार्यादेश निघण्यापूर्वीची असावयास हवी. ज्याच्या हाती काम सोपवावयाचे, तो शासकीय पैशाचे काम घेण्यास पात्र आहे काय, हा तिचा विषय होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत संघशासनाचे अनुदान खर्च करणाऱ्या प्रत्येक स्थानिक संस्थेवर ही तपासणी बंधनकारक आहे. ती करण्यास बहुधा काही मिनिटेच लागतात. तरीही तेथील लेखापरीक्षणांत ती राहून गेल्याचे आक्षेप वारंवार नोंदले जातात. असे का घडते, हे स्थानिक कारभाराशी संबंध असलेल्या प्रत्येकाने समजून घेण्याजोगे आहे.

पैसा वरून, जबाबदारी खाली

अमेरिकेत काउंटी, नगरपालिका, टाउनशिप, शाळा-जिल्हे आणि पाणीपुरवठ्यासारख्या एकेका कामासाठी स्थापन झालेले विशेष जिल्हे अशा सुमारे ९० हजार स्थानिक संस्था आहेत. रस्ते, गृहनिर्माण, शाळांतील आहार, आपत्तीनंतरची पुनर्बांधणी इत्यादी कामांसाठी त्यांना संघशासनाचे अनुदान मिळते. काही अनुदान थेट येते, तर काही राज्यामार्फत. २०२१ च्या कायद्याने कोविड साथीनंतरच्या सावरणीसाठी राज्ये, स्थानिक संस्था व आदिवासी शासने यांना मिळून ३५० अब्ज डॉलर उपलब्ध करून दिले. अनुदानासोबत येणाऱ्या नियमांचा फारसा अनुभव नसलेल्या अनेक लहान गावांच्या खात्यांतही या निमित्ताने संघशासनाचा पैसा आला. अशा गावात निविदा काढणारा, करारनामा तयार करणारा आणि हिशेब ठेवणारा कर्मचारी अनेकदा एकच असतो. नियम मात्र मोठ्या शहराला आणि लहान गावाला सारखेच लागू होतात.

एका खात्याची मनाई, सर्व खात्यांची मनाई

फसवणूक, लाचलुचपत, निविदांतील संगनमत, खोटी कागदपत्रे किंवा कराराचा गंभीर भंग अशा कारणांवरून एखाद्या व्यक्तीस वा कंपनीस शासकीय व्यवहारांतून दूर ठेवले जाते. मात्र एका खात्याने दूर ठेवलेला इसम दुसऱ्या खात्याच्या अनुदानावर काम मिळवू शकत असेल, तर त्या मनाईस अर्थ उरत नाही. यास्तव अध्यक्ष रेगन यांनी १८ फेब्रुवारी १९८६ रोजी आदेश क्रमांक १२५४९ काढून अनुदानाच्या व्यवहारांतील मनाई सर्व खात्यांस लागू केली. शासकीय खरेदीतील मनाई आणि अनुदानातील मनाई तरीही वेगवेगळ्या राहिल्या होत्या. १९८९ चा आदेश आणि १९९४ चा कायदा यांनी त्यांना परस्परांशी जोडले.

ही मनाई दोन प्रकारची असते. चौकशी किंवा न्यायालयीन कारवाई पूर्ण होईपर्यंतची तात्पुरती मनाई म्हणजे निलंबन. पुराव्यानिशी, सामान्यतः तीन वर्षांपर्यंत घातलेली मनाई म्हणजे प्रतिबंध. संबंधितास नोटीस मिळते आणि आपली बाजू मांडण्याची संधीही मिळते. ही मनाई शिक्षा म्हणून वापरावयाची नसून सार्वजनिक हिताच्या रक्षणासाठी वापरावयाची आहे, असे नियमांतच नमूद आहे. मनाई झालेल्यांची नावे २०१२ पासून ‘सॅम’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघशासनाच्या संगणकीय नोंदणी-प्रणालीत पाहावयास मिळतात. त्यासाठी शुल्क पडत नाही.

तपासणीचे तीन मार्ग

अनुदानातून द्यावयाचे कंत्राट २५ हजार डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेचे असेल, तर करार करण्यापूर्वी तपासणी करावी लागते. संघशासनाने आवश्यक ठरविलेल्या लेखापरीक्षणाचे काम द्यावयाचे असल्यास रक्कम कितीही लहान असली तरी तपासणी चुकत नाही. अनुदानाचा काही भाग दुसऱ्या संस्थेस पोट-अनुदान म्हणून दिला, तर तेथेही हाच नियम लागू होतो.

तपासणीसाठी तीन मार्ग मान्य आहेत आणि त्यांपैकी कोणताही एक पुरेसा आहे. पहिला मार्ग म्हणजे यादीत नाव पाहणे. दुसरा, आपल्यावर मनाई नसल्याचे लेखी प्रमाणपत्र कंत्राटदाराकडून घेणे. तिसरा, तशा अर्थाचे कलम करारनाम्यातच घालणे. शेवटचे दोन मार्ग कंत्राटदाराच्या शब्दावर अवलंबून असतात. म्हणून यादी स्वतः पाहून, तिची तारीखवार छापील प्रत धारिकेत ठेवणे हा अधिक भरवशाचा मार्ग होय.

यादी पाहताना सावधगिरी मात्र हवी. एकाच नावाच्या अनेक व्यक्ती वा कंपन्या असू शकतात. नाव जुळले एवढ्यावरून एखाद्यास नाकारणे अन्यायाचे होईल. पत्ता व ओळख-क्रमांक पडताळून, शंका उरल्यास मनाई घालणाऱ्या खात्याकडे विचारणा करून मगच निर्णय घेणे उचित ठरते. कराराच्या काळात कंत्राटदारावर मनाई आली, तर चालू करार पूर्ण करू देता येतो. सर्वसाधारणपणे त्याचे नूतनीकरण करता येत नाही किंवा त्यास मुदतवाढ देता येत नाही.

चूक कोठे होते

तपासणी टाळण्याचा हेतू क्वचितच असतो. बहुधा ती दोन टेबलांच्या मध्ये हरवते. बांधकाम विभागास वाटते की हे काम वित्त विभागाचे, तर वित्त विभागाच्या समजुतीने ते निविदा काढतानाच झालेले असते. जाणकार कर्मचारी बदलून जातो आणि नव्या कर्मचाऱ्यास कोणी सांगत नाही. कधी काम स्वनिधीतून सुरू होते व नंतर त्याचा खर्च अनुदानावर टाकला जातो. अशा वेळी करारापूर्वीची तपासणी करण्याची वेळ निघून गेलेली असते. दुसऱ्या संस्थेने केलेल्या दरकराराचा आधार घेऊन खरेदी केली, तर तपासणीही त्या संस्थेनेच केली असेल असे गृहीत धरले जाते. आणि वीस वर्षे ओळखीचा असलेल्या पुरवठादाराची पात्रता तपासणे तर अनेकांना अनावश्यकच वाटते.

आक्षेप कशासाठी

एका आर्थिक वर्षात ठरावीक मर्यादेइतके किंवा त्याहून अधिक संघीय अनुदान खर्च करणाऱ्या संस्थेचे १९८४ च्या कायद्यान्वये एकत्रित लेखापरीक्षण होते. ही मर्यादा पूर्वी साडेसात लाख डॉलर होती. १ ऑक्टोबर २०२४ किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी ती दहा लाख डॉलर करण्यात आली. वॉशिंग्टन राज्याच्या लेखापरीक्षकांच्या अहवालांत एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. लेखापरीक्षक स्वतः यादी पाहतात, कंत्राटदारावर कोणतीही मनाई नव्हती असे आढळते आणि झालेला खर्च अमान्य केला जात नाही. आक्षेप मात्र कायम राहतो.

नुकसान झालेच नाही, मग दोष कसला, असा प्रश्न येथे साहजिकच उपस्थित होतो. लहान गावाच्या कारकुनास तो अन्याय वाटला तर नवल नाही. परंतु लेखापरीक्षणाचा रोख त्या एका कंत्राटदारावर नसतो. अपात्र माणूस आला असता तर त्याला अडविणारी व्यवस्था संस्थेकडे होती काय, हे तेथे पाहिले जाते. यंदा पात्र माणूस मिळाला हा योगायोग झाला आणि योगायोगावर पुढील वर्षाचा कारभार सोपविता येत नाही.

त्रुटी गंभीर ठरल्यास संस्थेचा ‘कमी जोखमीची संस्था’ हा दर्जा जातो. मग लेखापरीक्षकास तिच्या संघीय खर्चापैकी किमान २० टक्क्यांऐवजी ४० टक्के खर्च व्यापणाऱ्या योजना तपासाव्या लागतात. मनाई झालेल्याशी जाणूनबुजून व्यवहार केल्यास परिणाम याहून कठोर होतात. खर्च नामंजूर होऊ शकतो, काम थांबविले जाऊ शकते आणि खुद्द त्या संस्थेवरही मनाई येऊ शकते. नामंजूर झालेली रक्कम अखेर त्या गावाच्या करदात्यांच्या पैशातून भरावी लागते.

यादीत नाव नसणे म्हणजे काय

यादीत नाव नाही, एवढ्यावरून कंत्राटदार लायक ठरत नाही. काम यशस्वीपणे पार पाडण्याची क्षमता असलेल्या जबाबदार कंत्राटदारासच काम द्यावे, अशी संघीय नियमांची स्वतंत्र अट आहे. सचोटी, पूर्वीच्या कामांचा अनुभव, आर्थिक बळ व तांत्रिक साधने यांचा विचार तीत अपेक्षित आहे. यादी फक्त अपात्रांना वगळते. लायक माणूस निवडण्याचे काम स्थानिक संस्थेलाच विवेकाने करावे लागते.

भारतातही ही कल्पना नवी नाही. केंद्र शासनाच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील नियम १५१ अन्वये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ खाली दोषी ठरलेल्या निविदाकारास तीन वर्षांपर्यंत शासकीय खरेदीतून दूर ठेवता येते. सचोटी-संहितेच्या भंगाबद्दल खरेदी करणाऱ्या कार्यालयास दोन वर्षांपर्यंत मनाई करता येते, मात्र बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्यावरच. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी देशातील ग्रामीण स्थानिक संस्थांकरिता २,३६,८०५ कोटी रुपयांच्या अनुदानाची शिफारस केली होती. एवढा पैसा ग्रामपातळीवर पोहोचतो तेव्हा तो कोणाच्या हाती जातो, हा प्रश्न येथेही तितकाच महत्त्वाचा ठरतो.

यासाठी मोठ्या यंत्रणेची गरज नाही. कोणी तपासले, केव्हा तपासले आणि काय आढळले, एवढ्या तीन गोष्टी करारावर सही होण्यापूर्वी धारिकेत नोंदलेल्या असाव्यात. पुढे कारकून बदलला, सरपंच बदलला, तरी तो कागद बोलतो. गावाच्या पैशाची राखण माणसांच्या ओळखीवर न राहता व्यवस्थेवर राहते, ती अशा कागदामुळेच.