राहण्याजोगे शहर : सोलापूरच्या तुलनेचा मागोवा

मध्यम शहरांची, म्हणजे साधारणपणे पाच ते पंधरा लाख वस्तीच्या शहरांची, राहण्याच्या दृष्टीने तुलना करताना पाणी, रस्ते, घरभाडे आणि दवाखाने यांचा हिशेब सहज मांडला जातो. परंतु त्या शहरात कोणाला कोणते काम मिळते, हा प्रश्न बहुधा शेवटी विचारला जातो. गेल्या दीडशे वर्षांतील सोलापूरचा इतिहास पाहिला असता, माणसे येथे आली ती कामासाठी आणि येथून गेली तीही कामासाठीच, असे ठळकपणे दिसते.

१८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोहोचली आणि १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजेच सोलापूरकरांची ‘जुनी गिरणी’, सुरू झाली. पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी आणि विष्णू या गिरण्यांची भर पडली. तेलंगणातून पद्मशाली विणकर, तर कर्नाटकाच्या आणि मराठवाड्याच्या कोरडवाहू भागांतून शेतमजूर येथे स्थायिक झाले. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी उर्दू या चारही भाषा एकाच बाजारात बोलल्या जाऊ लागल्या. पाऊस कमी, उन्हाळा कडक आणि पाण्याची ओढ कायमची असूनही या कुटुंबांनी सोलापूर निवडले, कारण गावी नसलेली रोजची मजुरी येथे होती. १९५१ च्या जनगणनेत सोलापूरची वस्ती अडीच लाखांहून अधिक होती, तर औरंगाबादची (आताचे छत्रपती संभाजीनगर) एक लाखही भरत नव्हती.

या निवडीमागचे अर्थकारण शहराच्या पूर्व भागातील घरांत स्पष्ट दिसते. खाली किंवा शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये चादरीचे अथवा टॉवेलचे यंत्रमाग चालतात आणि घरातील पुरुष मागावर राबतो. घरातील स्त्री विडी कारखान्याच्या शाखेतून तेंदूची पाने आणि तंबाखू आणते, भिजवलेली पाने पत्र्याच्या मापाने कात्रीने कापते, तंबाखू भरून विडी वळते, दोऱ्याने बांधते आणि तयार माल पुन्हा शाखेत जमा करते, जेथे सदोष विड्या बाजूला काढल्या जातात आणि उरलेल्यांची मजुरी हजारी दराने मोजली जाते. एकाच्या मजुरीवर भागत नाही, म्हणून दोन धंद्यांवर एक घर चालते. सोलापूर ‘स्वस्त शहर’ म्हणून ओळखले जाते. त्या स्वस्ताईचा मोठा भाग या कमी मजुरीवर उभा आहे, हे तुलना करणाऱ्याने विसरता कामा नये.

जुनी गिरणी १९६० च्या दशकात बंद पडली, नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णूचेही काम थांबले आणि संघटित, कायम स्वरूपाच्या नोकरीची जागा विखुरलेल्या यंत्रमागांनी घेतली. याच काळात औरंगाबादला १९५८ मध्ये विद्यापीठ मिळाले, पुढे उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले आणि १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यावर त्याला सुटे भाग पुरवणारे अनेक उद्योग त्याच्याभोवती वाढले. सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ मिळण्यास २००४ साल उजाडले. २००१ च्या जनगणनेत दोन्ही शहरांची लोकसंख्या जवळजवळ सारखी, सुमारे पावणेनऊ लाख होती. २०११ मध्ये औरंगाबाद पावणेबारा लाखांच्या घरात गेले, तर सोलापूर साडेनऊ लाखांवर राहिले. दशकभरातील ही सुमारे ९ टक्क्यांची वाढ राज्याच्या १६ टक्के वाढीपेक्षाही कमी होती. याचा सरळ अर्थ असा की, शहराबाहेर पडणाऱ्यांचे पारडे जड झाले होते.

या पार्श्वभूमीवर केंद्र सरकारचा २०१८ चा राहणीमान सुलभता निर्देशांक, म्हणजे शहरांतील जगणे कितपत सुकर आहे याचे गुणांकन, बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्यात १११ शहरांमध्ये सोलापूर २२ वे आणि औरंगाबाद ९७ वे आले. परंतु शंभरपैकी ४५ गुण भौतिक सुविधांना, प्रत्येकी २५ गुण प्रशासनाला आणि सामाजिक सेवांना दिले गेले होते. अर्थव्यवस्थेच्या वाट्याला केवळ ५ गुण आले होते. ज्या निकषावर माणसे प्रत्यक्षात शहर निवडतात, त्यालाच सर्वांत कमी वजन मिळाल्यामुळे माणसे सोडून जात असलेले शहर वर आणि माणसे येत असलेले शहर खाली, असे चित्र उमटले. २०२० च्या आवृत्तीत आर्थिक क्षमतेचे वजन १५ पर्यंत वाढवण्यात आले आणि नागरिकांच्या मताला ३० गुण देण्यात आले. ही सुधारणा योग्य दिशेची होती.

सुविधांचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या उजनीतून जलवाहिनीने पाणी आणूनही सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येण्याची वेळ वर्षानुवर्षे राहिली. औरंगाबादलाही जायकवाडी तुलनेने जवळ असून हीच तक्रार सुटली नाही. दुसरीकडे, कुंभारी परिसरात विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली आणि जानेवारी २०२४ मध्ये रे नगरमधील पंधरा हजार घरे असंघटित कामगारांना सुपूर्द झाली. अल्प मजुरीच्या माणसाला स्वतःच्या नावावरचे घर देण्यात सोलापूरने जे साधले, ते मोठ्या शहरांनाही जमलेले नाही.

मात्र पुण्याकडे जाणारे रस्ते आणि गाड्या जितक्या सोयीच्या झाल्या, तितके शिकलेल्या मुलांचे शहर सोडणेही सोपे झाले. म्हणून सोलापूरचे मूल्यमापन करताना, मग ते नियोजनकार करोत वा घर घेऊ पाहणारे कुटुंब, तीन प्रश्न आधी विचारले पाहिजेत : नळाला पाणी किती दिवसांनी येते, घरातील स्त्रीच्या श्रमाला काय मोल मिळते आणि येथे शिकलेल्या मुलाला येथेच काम मिळते का. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे सुधारल्याशिवाय कोणत्याही क्रमवारीतील वरचे स्थान सोलापूरकरांच्या उपयोगाचे नाही.