वडगाव? कोणतं वडगाव?

दहा-बारा वर्षांपूर्वी मला फोनवर एका कविसंमेलनाचं निमंत्रण आलं. पलीकडचा आवाज तुटत होता. मी ऐकलं 'घाटनांदूर'. अंबाजोगाईहून घाटनांदूर म्हणजे हाकेच्या अंतरावर, म्हणून निवांत निघालो. पुढं त्यांनी पाठवलेला निरोप उघडून वाचलाच नाही. एसटीतून उतरलो आणि टपरीवर चहा सांगता सांगता विचारलं, "कविसंमेलन कुठंशी आहे?" चहावाला माझ्याकडं बघतच राहिला. मग त्यानं माझा मोबाईल हातात घेतला, निरोप वाचला आणि हसला. "चाचा, हितं घाट म्होरं हाय. तुमच्या गावाचा घाट मागं हाय. तुम्ही उलटं आलाव."

निरोपात 'नांदूरघाट' होतं. घाटनांदूर अंबाजोगाई तालुक्यात, परळीहून लातूररोडला जाणाऱ्या रेल्वेच्या रस्त्यावर. नांदूरघाट केज तालुक्यात, अगदी विरुद्ध दिशेला. दोन्ही एकाच जिल्ह्यात. शिवाय बीड तालुक्यात नांदूर हवेली आहे ते वेगळंच. मी नांदूरघाटला पोचलो तेव्हा आभारप्रदर्शन चालू होतं. आभारात माझंही नाव घेतलं गेलं, एवढीच त्या रात्रीची कमाई.

तेव्हापासून मला सारख्या नावांच्या गावांचा नाद लागला. आपल्या राज्यात चाळीस हजारांहून जास्त गावं आहेत, पण नावं तेवढी नाहीत. वडगाव, पिंपळगाव, बोरगाव, चिंचोली, सावरगाव, बाभुळगाव, हिवरा. कोणत्याही जिल्ह्यात जा, ही मंडळी भेटतातच. कारण उघड आहे. गाव वसलं तेव्हा तिथं दुसरं काही नव्हतं, एक झाड होतं. वड होता, पिंपळ होता, चिंच होती. वाटसरूला खूण सांगायची तर झाडाचीच सांगणार. प्रत्येक वस्तीला वाटत होतं की आपलंच झाड जगात एकटं आहे. पाच-सात कोसांच्या पलीकडं दुसरा वड आहे आणि त्याच्याखाली दुसरी माणसं हेच नाव घेऊन बसली आहेत, याची पर्वा कुणाला नव्हती. पर्वा झाली ती कागद आल्यावर. सारा वसूल करणाऱ्याला दोन वडगावं चालत नाहीत. मग त्यानं नावापुढं किंवा नावामागं एक शब्द जोडला. माझ्या मते गावाचं झाडाचं नाव हे निसर्गाचं देणं, आणि जोडलेला शब्द हा इतिहास. पण आपण बोलताना नेमका तोच शब्द गाळतो.

या जोडशब्दांत सर्वांत जास्त पसरलेली जोडी म्हणजे बुद्रुक आणि खुर्द. सातबाऱ्यावर ती 'बु.' आणि 'खु.' एवढीच उरते. दोन्ही शब्द फारसी आहेत. 'बुजुर्ग' म्हणजे वडीलधारा. आमच्या घरात आजही म्हाताऱ्या माणसाला बुजुर्ग म्हणतात. मराठी जिभेवर घासून त्याचा बुद्रुक झाला. 'खुर्द' म्हणजे लहान. सुट्ट्या नाण्यांना आपण खुर्दा म्हणतो तो इथलाच, आणि उर्दूत सूक्ष्मदर्शकाला खुर्दबीन म्हणतात तीही इथलीच. उत्तरेत बुद्रुकच्या जागी बहुधा 'कलाँ' असतं, खुर्द मात्र तिकडंही खुर्दच.

एकदा एका शाळेत एक मुलगा मला म्हणाला, "सर, आमचं गाव खुर्द आहे म्हणून पोरं चिडवतात." मी त्याला सांगितलं, बुजुर्ग म्हणजे नुसतं मोठं नव्हे, थोरलं. खुर्द म्हणजे धाकटं. एका गावची माणसं वाढली, भावाभावांत वाटण्या झाल्या, नदीच्या पलीकडं काही घरं गेली, की मूळ वस्ती थोरली आणि नवी धाकटी. धाकटा भाऊ पुढं थोरल्यापेक्षा उंच होऊ शकतो. पुण्यात कोंढवा बुद्रुक आणि कोंढवा खुर्द, आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द शहराच्या पोटात गेली आहेत. तिथल्या उंच इमारतीत राहणाऱ्याला आपण कुणाचे धाकटे आहोत हे ठाऊकही नसतं.

हे शब्द बहमनी काळापासूनच्या दफ्तरांतून आले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या कितीतरी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. पण गावांच्या शेपटाला बांधलेले बुद्रुक-खुर्द तसेच राहिले. कोशातला शब्द बदलता येतो, लोकांच्या तोंडातलं गाव बदलणं अवघड असतं. बोलीत ते आपलेच झाले आहेत, त्यांना कुणी परकं समजत नाही.

आणखी एक शब्द सांगतो, तो मला फार जवळचा आहे. जुन्या महसुली कागदांत काही गावांपुढं 'बेचिराख' असा शेरा असतो. आपल्याला वाटतं, गाव जळून राख झालं. मूळ शब्द आहे 'बे-चिराग'. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी एकही दिवा लागत नाही ते बेचिराग. महसूल खात्याच्या कारकुनानं लिहिलेला हा शब्द एखाद्या शायराला सुचला असता तर त्यानं जन्मभर मिरवला असता. गंमत अशी की दिवा विझला तरी नाव विझत नाही. शिवार असतं, सीमा असतात, सातबारा असतो, जनगणनेत त्या गावाला क्रमांकही मिळतो, फक्त माणूस नसतो.

गावं ओस पडायची दुष्काळानं, रोगराईनं, फौजांच्या येण्याजाण्यानं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस पडलेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळाबद्दल ग्रँट डफनं लिहून ठेवलं आहे. मुलूख इतका उजाड झाला की गावांच्या जुन्या सीमा सांगायला माणूस उरला नाही. १४२९ च्या सुमारास बिदरच्या बहमनी दरबारानं गावं पुन्हा वसवायला माणसं पाठवली. त्यात दादो नरसो काळे नावाचे एक कारभारी होते आणि दरबारातला एक तुर्क खोजा होता. त्यांनी दोन-दोन, तीन-तीन गावांची एकेक सीमा केली आणि कसेल त्याला जमीन दिली. पहिल्या वर्षी सारा माफ. दुसऱ्या वर्षी बिघ्याला घोड्याचा एक तोबरा भरून धान्य, बस्स. पुढंही ओसाड जमीन लागवडीला आणायची तर कौल द्यायचा आणि सारा वर्षावर्षानं थोडा थोडा चढवत न्यायचा, अशी रीत राहिली. तिला इस्तावा म्हणत. एका गावाची दोन होणं आणि तिनाचं एक होणं, या दोन्ही गोष्टी आपल्याकडं अशा घडत आल्या.

हे फक्त आपल्याकडंच झालं असं समजू नका. युरोपात चेक नावाचा लहानसा देश आहे. तिथं 'ल्होता' नावाची गावं शेकड्यांनी आहेत. ल्होता म्हणजे मुदत. तेराव्या-चौदाव्या शतकात रान तोडून वस्ती करणाऱ्यांना तिथले जमीनदार काही वर्षं साऱ्याची माफी देत. त्या माफीच्या मुदतीचंच नाव गावाला पडलं. म्हणजे आपल्याकडं गावाचं नाव 'इस्तावा' पडावं तसं. मग इतक्या ल्होता झाल्या की ओळखायच्या कशा? त्यांनीही थोरली-धाकटी केली, वरची-खालची केली. तिकडच्या शेतकऱ्यानं तोबरा पाहिला नसेल, पण कौलाचा अर्थ त्याला सांगावा लागला नसता.

आपल्याकडच्या बाकीच्या जोडशब्दांत सगळा गावगाडा सापडतो. शिरूर घ्या. आमच्या जिल्ह्यातलं शिरूर कासार, लातूर जिल्ह्यातली शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद, आणि पुण्याकडचं घोडनदीचं शिरूर. केज तालुक्यात चिंचोली माळी आहे. बीड तालुक्यातल्या लिंबागणेशात झाड आणि देव दोघेही एका नावात बसले आहेत. अमरावतीकडं चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे ही दोन गावं आहेत, त्यातलं दुसरं नाव इंग्रजांची गाडी आल्याशिवाय पडणं शक्य नव्हतं. मंगरूळपीर आणि मंगरूळ दस्तगीर ही दोन मंगरुळं तर अवलियांनी ओळखू येतात. नांदूर हवेलीतली 'हवेली' म्हणजे मोठा वाडा नव्हे. मोगली कारभारात मुख्य ठाण्याच्या भोवतालच्या मुलखाला हवेली म्हणत. पुण्याचा हवेली तालुका तोच. रायगडकडं गावांपुढं 'तर्फ' असतं, खानदेशात 'प्र.' म्हणजे परगणे. तर्फा गेल्या, परगणे गेले, त्यांचे अधिकारी मातीत मिळाले, पण गावाच्या पाटीवर त्यांची कचेरी अजून उघडी आहे.

जिथं जोडशब्द नसतो तिथं ऐकणाऱ्यानं सांभाळायचं. आष्टी म्हटलं की आम्हाला आमचा तालुका आठवतो. इतिहासाच्या पुस्तकात बापू गोखले १८१८ साली ज्या आष्टीच्या लढाईत पडले ती आष्टी सोलापूर जिल्ह्यातली, मोहोळ तालुक्यातली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये जिथं लोकांनी पोलीस ठाण्यावर मोर्चा नेला आणि हौतात्म्य पत्करलं ती आष्टी वर्धा जिल्ह्यातली. आमच्या आष्टीतल्या एका वक्त्यानं स्वातंत्र्यदिनी ही दोन्ही आपल्याच आष्टीची म्हणून सांगितलेली मी ऐकली आहेत. टाळ्या भरपूर पडल्या. पिंपळनेरचंही तसंच. आमच्या बीड तालुक्यात एक, धुळ्याकडं साक्री तालुक्यात एक, आणि पारनेर तालुक्यातलं संत निळोबारायांचं एक. पाटोदा तालुक्यातलं अंमळनेर साने गुरुजींचं नव्हे, ते अंमळनेर जळगाव जिल्ह्यात. खुद्द बीड नावाचं गाव कोल्हापूरजवळ करवीर तालुक्यातही आहे.

आता वडगावाकडं येतो. माझे अब्बा केज तालुक्यातल्या युसूफवडगावला शाळामास्तर होते. १९८० साल असेल, मी दहा वर्षांचा. अब्बांची थोरली बहीण, आमची फुफी, औरंगाबादेत वारली. आमच्या चुलतभावानं रडत रडत तार केली. पत्ता सांगितला, शेख मास्तर, वडगाव, जिल्हा बीड. 'युसूफ' राहून गेलं. तार गेली आष्टी तालुक्यातल्या दौलावडगावला. आमचं गाव जिल्ह्याच्या पूर्वेला आणि ते पार पश्चिमेच्या टोकाला. तिथं शेख मास्तर कुणी सापडेना. फिरत फिरत ती आमच्या दारात आली तेव्हा चौथा दिवस होता. आमच्यात मय्यत ठेवत नाहीत, त्याच दिवशी दफन करतात. तिसऱ्या दिवसाची जियारतही झालेली होती. दोष कुणाला द्यायचा? पत्ता आमच्याच माणसानं अपुरा सांगितला होता. पिनकोड १९७२ पासून होता, पण तो लिहायची सवय कुणाला होती?

अब्बा तरीही गेले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "आपाला मिट्टी देणं राहून गेलं." त्यानंतर ते पत्रावर गावाचं नाव लिहिताना 'युसूफ'खाली दोन रेघा ओढायचे. वर्गात एखाद्या पोरानं निबंधाच्या वहीवर नुसतं 'वडगाव' लिहिलं की वही परत द्यायचे. कोण होते हे युसूफ, असं मी एकदा विचारलं. अब्बा म्हणाले, "जे असतील ते. त्यांना घेतल्याशिवाय घरी येता येत नाही."

तारा २०१३ साली बंद झाल्या. २०११ च्या जनगणनेत गावागावाला सहा आकडी क्रमांक मिळाला, त्यात दोन गावं सारखी असूच शकत नाहीत. तरी घोळ संपलेला नाही, त्यानं जागा बदलली आहे. संगणकाच्या यादीत बु. आणि खु. एकाखाली एक असतात. घाईत बोट एक ओळ खाली गेलं की शेतकऱ्याचा अर्ज दुसऱ्या गावात जातो. पीकविम्याची भरपाई महसूल मंडळावरून ठरते. आपलं गाव एका मंडळात आणि अर्ज दुसऱ्यात, मग पाऊस गेला तरी पैसे येत नाहीत. म्हणून माझं सांगणं असतं, अर्ज भरून देणाऱ्याला नुसतं गाव सांगू नका. बुद्रुक की खुर्द, तालुका, मंडळ, सगळं सांगा आणि पावती तिथंच वाचून बघा.

अहिल्यानगरहून आष्टीपर्यंत रेल्वे २०२२ साली आली, सप्टेंबर २०२५ मध्ये ती बीडला पोचली. स्टेशनांच्या पाट्यांवर आता आमच्या गावांची नावं दिसतात. पाटी दिसली की मी आधी जोडशब्द आहे का ते बघतो.

परवा पुन्हा एका कविसंमेलनाचं निमंत्रण आलं. गाव पिंपळगाव. मी विचारलं, "तालुका कोणता? पुढं काय लावता? बुद्रुक का खुर्द? जवळचं मोठं गाव कोणतं?" पलीकडचा मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, तुम्ही कवीच बोलताय ना? मला वाटलं तलाठी आप्पांना लागला."