क्षयाच्या जंतूची रसद आतड्यातून तोडता येईल?

क्षयाचा जंतू बहुधा ठाण मांडतो फुप्फुसात. त्याला आवर घालू शकणारा एक रेणू मात्र आतड्यात तयार होतो, आणि तोही आपल्या पेशी बनवत नाहीत. इंडोल प्रोपिऑनिक ॲसिड हे त्याचं नाव. डाळी, दूध, अंडी यांतून मिळणाऱ्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून क्लॉस्ट्रिडियम स्पोरोजेनिससारखे आतड्यातले जिवाणू तो घडवतात. पूर्ण जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांच्या रक्तात तो सापडत नाही.

हा रेणू क्षयाच्या जंतूची वाढ रोखतो, हे संशोधक थॉमस डिक यांच्या गटानं 2018 मध्ये दाखवलं. लागण झालेल्या उंदरांना तो दिल्यावर त्यांच्या प्लीहेतले जंतू सातपटीनं कमी झाले.

खरी गंमत पुढे आहे. क्षयाशी लढताना आपल्या पेशी ट्रिप्टोफॅनचा साठा संपवतात, म्हणजे गनिमाची रसदच तोडतात. अनेक जंतू त्यानं नमतात. क्षयाचा जंतू नमत नाही, कारण तो ट्रिप्टोफॅन स्वतःच तयार करतो. ते पुरेसं झालं की ट्रिप्टोफॅनच जाऊन ते घडवणाऱ्या रासायनिक साखळीतल्या एका विकराला चिकटतं आणि उत्पादन थांबतं. इंडोल प्रोपिऑनिक ॲसिडची घडण ट्रिप्टोफॅनसारखीच असल्यानं तेही त्याच जागी चिकटतं. जंतूला वाटतं, साठा भरपूर आहे. प्रत्यक्षात तो उपाशी असतो. जंतूच्याच शिस्तीचा त्याच्याविरुद्ध असा वापर करणारं औषध घडवता आलं, तर ते मला फार मोलाचं वाटेल.

अर्थात दही खाऊन किंवा प्रोबायोटिकच्या पुड्या घेऊन क्षय बरा होत नाही. सहसा सहा महिन्यांचा असणारा औषधांचा कोर्स पूर्ण करण्याला पर्याय नाही. तो मध्येच सोडला तर जंतू औषधांना दाद देईनासा होऊ शकतो.

पण त्या कोर्सचा आतड्यावर काय परिणाम होतो, हेही विचारायला हवं. त्यातलं रिफाम्पिसिन हे औषध क्षयाच्या जंतूपुरतं थांबत नाही, इतर जिवाणूही मारतं. हैतीतल्या रुग्णांच्या 2017 मधल्या अभ्यासात उपचार संपून वर्ष उलटल्यावरही आतड्यातली जिवाणूंची घडी विस्कटलेलीच होती, आणि घटलेल्यांत क्लॉस्ट्रिडियम स्पोरोजेनिस ज्यात मोडतो त्या क्लॉस्ट्रिडिया वर्गातलेही होते. जगातले सुमारे चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. उपचारांच्या काळात त्यांच्या शरीरातलं इंडोल प्रोपिऑनिक ॲसिड किती घटतं, ज्यांना क्षय पुन्हा होतो त्यांच्यात ते अधिक घटलेलं असतं का, हे इथेच पाहायला हवं. त्यासाठी रक्ताचा नमुना पुरतो.