बोलेरोतला ढोल ढोलासारखा वाजावा म्हणून
थोडक्या पैशांत जीपची साउंड सिस्टिम सुधारायची, तर खर्चाचा क्रम नीट लावायला हवा

काठीच्या राजवाडी होळीला रात्रभर वाजणारा ढोल ज्याने जवळ उभे राहून ऐकला आहे, त्याला तो कानाआधी छातीत कळतो. पहाट झाली की तोच ढोल मोबाइलमध्ये भरून घेऊन माणसे परतीच्या जीपमध्ये बसतात. देवगोई घाट उतरताना कोणीतरी ते गाणे लावतो आणि डॅशबोर्डातून पत्र्याच्या डब्यावर चमचा आपटल्यासारखा आवाज येतो. बासरी ऐकू येते, गाणाऱ्याचा आवाजही कसाबसा पोचतो, पण ढोल गेलेला असतो.

नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न हौसेपुरता राहत नाही. सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग नवापूर आणि नंदुरबारवरून जातो, म्हणजे तापीच्या दक्षिणेनेच जातो. नदीच्या उत्तरेला शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांत रेल्वे नाही. पुढे सातपुड्यात शिरले की चांदसैली, देवगोई किंवा तोरणमाळचा घाट चढण्यासाठी एसटीनंतर आधार असतो तो बोलेरो, क्रूझर आणि जुन्या कमांडरसारख्या जीपगाड्यांचा. चालकाचे दिवसातले आठ-दहा तास या गाडीत जातात. एवढा वेळ चांगले गाणे सोबत असावे असे त्याला वाटले, तर त्यात चूक काहीच नाही. चूक होते ती खर्चाच्या क्रमात. बहुतेक जण आधी मोठा टचस्क्रीन डेक घेतात, मग मागे जाड आवाजासाठी बेसट्यूब ठेवतात आणि दाराकडे शेवटपर्यंत कोणी पाहत नाही. हा क्रम उलटा केला, तर त्याच पैशांत दुपटीने समाधान मिळते.

ढोल जातो कुठे?

चार सिलिंडरचे डिझेल इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असेल, तर त्यात सेकंदाला साधारण 67 वेळा इंधन पेट घेते. म्हणजे इंजिन स्वतःच 67 हर्ट्झचा एक जाड सूर सतत काढत असते. मोठ्या ढोलाचा घुमारा जवळपास याच पट्ट्यात असतो. त्यात खडबडीत टायरची घरघर, मागच्या पाट्यांचे दणके आणि कापडी हूड असेल तर वाऱ्याची फडफड मिसळते. हे सगळे आवाज जाड सुरांचे असल्याने गाण्यातला जाड भाग ते झाकून टाकतात. बासरी आणि माणसाचा गळा वरच्या पट्ट्यात असल्यामुळे वाचतात.

दुसरे कारण दारात दडलेले असते. स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची ताणली जाते. पुढची आणि मागची हवा एकमेकींत मिसळली, तर जाड आवाज तिथल्या तिथे विरतो. जीपचे दार म्हणजे पातळ पत्रा, आत भोके आणि वर सैल बसलेला पॅड. अशा दारात महागडा स्पीकर बसवला तरी त्याचा अर्धा ढोल दारातच जिरतो, आणि उरलेला पत्र्याला थरथरवण्यात खर्च होतो.

पहिला खर्च दाराचा

म्हणून पहिले काम दाराचे. पॅड उघडून आतला पत्रा स्वच्छ पुसायचा आणि बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला डॅम्पिंग शीट चिकटवायची. सगळा पत्रा झाकण्याची गरज नसते. बोटाने टिचकी मारून जिथे पत्रा जास्त वाजतो, त्या मधल्या भागात शीट पुरते. त्यानंतर आतल्या पत्र्याची मोठी भोके बंद करायची, पॅडच्या सैल क्लिपा बदलायच्या आणि स्पीकरच्या कडेला फोमची पट्टी लावायची.

शीट घेताना मात्र इथले ऊन विसरू नये. छताची गळती थांबवायला वापरतात ती डांबरी पट्टी स्वस्त पडते आणि दिसायलाही तशीच असते. पण नंदुरबारच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हात लावू देत नाही. त्या तापात डांबर पाघळते, वास येतो आणि पट्टी दाराच्या तळाशी गोळा होते. ब्युटाइल रबराची शीट हा ताप सोसते. पैसे कमी असतील तर चार दारांऐवजी पुढच्या दोनच दारांना करा, पण शीट ब्युटाइलचीच घ्या.

आणखी एक गोष्ट फिटिंगवाल्याला आवर्जून सांगायची. पावसाचे पाणी काचेच्या फटीतून दारात उतरतच असते आणि तळाच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडते. ही छिद्रे कधीही बुजवू नयेत. बुजली तर एका पावसाळ्यात दार आतून गंजते. स्पीकरच्या चुंबकावर प्लास्टिकचा छोटा छज्जा बसवला, तर हे ओघळ त्याच्यावर पडत नाहीत.

खोक्यावरचे आकडे

स्पीकरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत 300 किंवा 400 वॉट छापलेले असते. तो आकडा क्षणभराच्या कमाल भाराचा असतो. आपल्याला हवा तो आरएमएस आकडा, म्हणजे स्पीकर सतत किती ताकद सोसू शकतो तो. त्याहून मोलाचा आकडा सेन्सिटिव्हिटीचा, आणि तोच सहसा कोणी वाचत नाही. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, हे तो सांगतो. डेसिबलचा हिशेब असा की 3 डेसिबल वाढवायला दुप्पट ताकद लागते आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला जवळपास दहापट. म्हणजे 88 डेसिबलच्या स्पीकरला 50 वॉट देऊन जो आवाज मिळतो, तो 92 डेसिबलचा स्पीकर 20 वॉटमध्ये देतो. ज्याला वेगळा ॲम्प (ॲम्प्लिफायर) घेणे परवडत नाही, त्याने हाच आकडा पाहून स्पीकर निवडावा.

डेकवरच्या ‘4 × 50 वॉट’ या आकड्याचीही घरच्या घरी परीक्षा घेता येते. डेकच्या मागचा फ्यूज पाहा. तो बहुधा 10 अँपिअरचा असतो. चालू गाडीत साधारण 14 व्होल्ट मिळतात. 10 गुणिले 14 म्हणजे 140 वॉट आत गेले, त्यातला बराच भाग उष्णतेत जातो. मग 200 वॉट बाहेर कुठून येणार? प्रत्यक्षात प्रत्येक स्पीकरच्या वाट्याला 15 ते 20 वॉट स्वच्छ आवाज येतो. त्यापुढे बटण फिरवले की आवाज फाटतो, आणि फाटका आवाजच स्पीकर जाळतो.

स्पीकर कसला घ्यावा? आपल्या धुळीला आणि पावसाला पॉलिप्रॉपिलीनचा पडदा आणि रबरी कड चांगली टिकते. कागदी पडदा आवाजाला गोड असला तरी ओल धरतो आणि फोमची कड काही वर्षांत भुगा होते. दारात साडेसहा इंची स्पीकर बसत असेल, तर चार इंचीपेक्षा तोच घ्यावा, कारण मोठा पडदा जास्त हवा हलवतो. पण आधी खोली मोजावी आणि काच पूर्ण खाली करून ती चुंबकाला लागत नाही ना, ते पाहावे. खाली रिंग बसवायची तर एमडीएफची नको, ती पाणी पिऊन फुगते. वॉटरप्रूफ प्लायची किंवा प्लास्टिकची रिंग टिकते. गाडीला हूड असेल, दारेच नसतील, तर छताच्या नळीवर स्पीकर बसवण्याचा मार्ग आहे. नाशिकच्या कारखान्यात बनणाऱ्या 2020 च्या महिंद्रा थारमध्ये कंपनीनेच छताला स्पीकर दिले. पाणी आणि धूळ दारापेक्षा वर कमी पोचते, आणि आवाज कानाजवळ येतो.

वायरिंगची काटकसर महाग पडते

जुन्या जीपमध्ये दोन चुका वारंवार होतात. पहिली चूक म्हणजे एकाच जोडीवर आणखी स्पीकर जोडत जाणे. चार ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की डेकला दोनच ओहमचा भार दिसतो. साधा डेक त्यासाठी बनलेला नसतो, तो तापतो आणि एक दिवस गप्प होतो. दुसरी चूक अर्थची. पूर्वीच्या टेपमध्ये स्पीकरची एक वायर सरळ बॉडीला जोडलेली चालत असे. आजच्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर आवाजाचा प्रवाह असतो. त्यातली एकही बॉडीला टेकली, तर डेकची चिप जळू शकते. म्हणून कमांडरसारख्या जुन्या गाडीत नवा डेक लावताना जुन्या वायरी वापरू नका. प्रत्येक स्पीकरला नव्या दोन वायरी टाका.

ॲम्प बसवणार असाल तर त्याचा वीजपुरवठा थेट बॅटरीवरून घ्यावा आणि बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत फ्यूज लावावा. हा फ्यूज ॲम्पपेक्षा वायरीच्या रक्षणासाठी असतो. घाटातल्या दणक्यांनी वायर पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडली, तर गाडी पेट घेण्यापासून तोच वाचवतो. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी बुश हवाच. बाजारातल्या पुष्कळ स्वस्त वायरी आतून ॲल्युमिनियमच्या असतात, वर तांब्याचा मुलामा असतो. त्या घ्यायच्याच असतील तर एक माप जाड घ्या. अर्थ देताना बॉडीचा रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर बोल्ट कसा, नाहीतर इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शीळ गाण्यात शिरते. याच कारणाने आवाजाची केबल एका बाजूने आणि विजेची वायर दुसऱ्या बाजूने न्यावी.

ॲम्प सीटखाली ठेवण्याची पद्धत शहरात ठीक. ओढ्या-नाल्यांतून जाणाऱ्या गाडीत खाली पाणी येते. तिथे ॲम्पला मागच्या बाजूला, उंचावर आणि हवा खेळेल अशी जागा द्या.

डेक शेवटी का?

एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि सातपुड्याच्या दरीत शिरल्या की हरवतात. मोबाइलची रेंजही कित्येक वळणांवर जाते. त्यामुळे ऑनलाइन गाण्यांसाठी महागडा स्क्रीन घेऊन धडगावच्या वाटेवर त्याचा फारसा उपयोग नाही. इथे कामाला येतो पेन ड्राइव्ह. साधा, एका खणाचा, यूएसबी आणि ब्लूटूथ असलेला डेक पुरतो. त्याचे तोंड 18 सेंटिमीटर रुंद आणि 5 सेंटिमीटर उंच, जगभर ठरलेल्या मापाचे असते, म्हणून तो बहुतेक गाड्यांत बसतो. गाणी मात्र चांगल्या प्रतीची भरा. टिमली असो की अहिराणी गाणे, दहा मोबाइलमधून फिरत आलेली, पुन्हा पुन्हा दाबून लहान केलेली फाइल कोणताही स्पीकर सुधारू शकत नाही.

15,000 रुपये धरले, तर मजुरी सोडून ढोबळ वाटणी अशी करता येईल: पुढच्या दोन दारांना 2,000, पुढच्या स्पीकरच्या जोडीला 3,500, ॲम्पला 5,000, वायर-फ्यूजला 1,500 आणि डेकला 3,000. सगळे एकदम करायची गरज नाही. पहिल्या टप्प्यात दार आणि स्पीकर एवढेच करा. पुष्कळांचे समाधान इथेच होईल. ॲम्प बसवल्यावर दारातल्या स्पीकरना ढोलाच्या पट्ट्याखालचा आवाज कापून द्या, म्हणजे ते न फाटता मोठ्याने वाजतील. ॲम्पवरचे गेनचे बटण आवाज वाढवण्यासाठी नसते. डेक तीन चतुर्थांशावर ठेवून, आवाज फाटू लागतो त्याच्या थोडे अलीकडे ते थांबवायचे असते. बेसट्यूब हवीच असेल तर ती या सगळ्यानंतर घ्या. दार नीट झालेले असेल, तर लहान ट्यूबही पुरते.

आवाजाची जबाबदारी

चांगली सिस्टिम झाली की ती मोठ्याने लावावीशी वाटते. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्था 85 डेसिबलचा आवाज दिवसाला 8 तासांपर्यंत ठीक मानते, 88 डेसिबलचा 4 तासच. दिवसभर लाइनवर असणाऱ्या चालकाने हा हिशेब स्वतःच्या कानांसाठी लक्षात ठेवावा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीसाठी दिवसाची मर्यादा 55 आणि रात्री 10 नंतर 45 डेसिबल आहे, आणि दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती 100 मीटरचा शांतता पट्टा असतो. धडगावात किंवा मोलगीत दवाखान्यासमोरून जाताना हात आपोआप बटणाकडे जायला हवा.

दार बंदिस्त आणि स्पीकर नेमका असला की कमी आवाजातही ढोल ऐकू येतो. खर्चाचा क्रम नीट लावण्याचा खरा फायदा हाच. म्हणून आधी दार, मग स्पीकर, मग वायर आणि ॲम्प, शेवटी डेक आणि बेस हा क्रम सोडू नका. आणि चांदसैली किंवा देवगोईचा घाट लागला की गाणे हळू करा. वळणापलीकडून येणाऱ्या गाडीचा हॉर्न ढोलाच्या आधी ऐकू यायला हवा.