संगणक मंद कां चालतो?

दिवाळीची सुटी संपली, कीं संगणकांविषयींच्या तक्रारी सुरू होतात. पडदा लौकर उघडत नाहीं, अक्षरें उमटण्यास वेळ लागतो, आणि मग "यंत्र म्हातारें झालें, आतां नवें घ्यावें," असें पालक म्हणूं लागतात. आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत कित्येक घरांचा खर्च कापसाच्या हंगामावर चालतो. तेथें नवें यंत्र घेणें ही लहान गोष्ट नव्हे. म्हणून मंद झालेलें यंत्र खरोखरच निकामी झालें आहे काय, हें आधीं पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

संगणकावर आपण एकच काम करीत असतों, परंतु पडद्याआड अनेक कामें चाललेलीं असतात. कोणी नव्या सुधारणा उतरवून घेतो, कोणी विषाणूंचा शोध करितो, कोणी फायलींची सूची तयार करितो. हे सारे घरचेच चाकर होत. मात्र त्यांपैकीं एखादा वाट अडवून बसला, म्हणजे धन्याचेंच काम खोळंबतें. जिनिंगच्या फाटकांत एक गाडी अडकली, तर आंत मजूर रिकामे असूनही मागची सारी रांग उभी राहते. तसेंच हें आहे.

अडविणारा कोण, हें ओळखणें सोपें आहे. विंडोज असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या. टास्क मॅनेजर उघडतो. त्यांत सीपीयू, मेमरी व डिस्क असे रकाने असतात. ज्याचा आंकडा १०० टक्क्यांजवळ असेल, त्याच्या मथळ्यावर क्लिक करावें. सर्वांत अधिक भार घालणारें नांव वर येतें.

तें नांव 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्यूटेबल' असल्यास ती संरक्षणाची तपासणी होय. ती, तसेंच विंडोज अपडेटचें काम, पुरें होऊं द्यावें. दीर्घ सुटीनंतर हें साचलेलें काम एकदम सुरू होतें. याकरितां सुटी संपण्याच्या आदल्या दिवशीं यंत्र कांहीं तास इंटरनेटला जोडून चालू ठेवावें.

'सिसमेन' हा चाकर नेहमींचे प्रोग्रॅम आधींच मेमरींत आणून ठेवितो. २००७ सालच्या विंडोज व्हिस्टामध्यें तो 'सुपरफेच' या नांवानें आला. जुन्या हार्ड डिस्कवर त्याचा भार कधीं कधीं जाणवतो. सर्व्हिसेसच्या यादींतून तो थांबवून पाहावा. फरक न पडल्यास पुन्हां सुरू करावा. अशा डिस्कची चकती बहुधा मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेते, तरी प्रत्येक फाईल शोधण्यास तिला वेळ लागतोच. एसएसडींत फिरणारें कांहींच नसतें. म्हणून ती बसविल्यास पुष्कळदां जुनेंच यंत्र आणखी कांहीं वर्षें चांगलें काम देतें.

उन्हाळ्यांत आणखी एक कारण संभवतें. प्रोसेसर फार तापला, कीं तो स्वतःच आपली गति कमी करितो. अशा वेळीं पंख्यांतील धूळ काढणें हाच उपाय होय.

विद्यार्थ्यांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. ज्याचें काम ठाऊक नाहीं, तो प्रोग्रॅम बंद करूं नये. आणि "तुमचा संगणक मंद झाला आहे, आम्ही दुरुस्त करितों," असा अनोळखी माणसाचा फोन आल्यास त्याच्या हातीं यंत्र देऊं नये. त्यांत यंत्रासह बँकेंतील पैसेही जाण्याचें भय असतें.